शीतल चंद्राची झळ

आम्हा कवींनी चंद्राला कायमचे शीतल ठरवून टाकले आहे. ईदची कोर शोधणारा मी आणि कोजागरीला दूध आटवणारे माझे शेजारी, दोघांच्याही मनात चंद्र म्हणजे गारवाच. पण चंद्रावर भर दुपारी जमीन सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या चांद्रयान-१ ने ही झळ सोसली. चंद्रापासून १०० किलोमीटरवरून ते फिरत होते. वरून सूर्य, खालून तापलेली चांद्रभूमी. नोव्हेंबरच्या अखेरीस यानातले तापमान ५० अंशांवर गेले. शास्त्रज्ञांनी काही उपकरणे बंद केली, यान सुमारे २० अंशांतून वळवले, तेव्हा पारा ४० वर उतरला.

आपल्या घरातला रेडिओ तापला तर हवा त्याची उष्णता वाहून नेते. अवकाशात हवाच नाही, तिथे पंखा काय करणार? यंत्रातली उष्णता धातूमधून बाहेरच्या पत्र्यापर्यंत न्यायची आणि तिथून किरणांच्या रूपाने पोकळीत सोडून द्यायची, एवढाच मार्ग उरतो. त्या पत्र्यासमोर तापलेला चंद्र आला, की हा मार्गही अडतो.

म्हणून अभियंते आधी तापमानाचे गणित मांडतात आणि मग त्याला समास सोडतात. 'समास' हा शब्द माझा. वहीच्या पानावर आपण सोडतो तसाच. अमेरिकेतल्या एका रूढ पद्धतीत गणिताने आलेल्या कमाल तापमानात ११ अंश मिळवतात, कारण गणित चुकू शकते. नमुन्याची परीक्षा त्याहून आणखी १० अंश वर घेतात. अंदाज ४० अंशांचा असेल, तर नमुन्याने ६१ अंशांवर काम करून दाखवायचे. थंडीच्या बाजूलाही असाच समास असतो.

मग सरळ ५० अंशच जादा का धरू नयेत? कारण समास फुकट मिळत नाही. पत्रा मोठा केला तर वजन वाढते. शिवाय यान चंद्राच्या सावलीत गेले, की तोच मोठा पत्रा यंत्राला गारठवतो आणि ऊब देण्यासाठी बॅटरी खर्ची पडते.

१०० किलोमीटर उंचीवर सुमारे ७५ अंश तापमान धरले होते, प्रत्यक्षात ते जास्त निघाले, असे इस्रोचे टी. के. ॲलेक्स यांनी नंतर सांगितले. मे २००९ मध्ये यान २०० किलोमीटरवर नेले. २९ ऑगस्टला संपर्क तुटला. दोन वर्षांची मोहीम ३१२ दिवसांत संपली. तरी तेवढ्यात त्याने चांद्रभूमीवर पाण्याच्या खुणा टिपल्या होत्या. पुढे २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा परिभ्रमक पुन्हा १०० किलोमीटरच्या कक्षेत गेला आणि ठरलेल्या एका वर्षाहून कितीतरी अधिक काळ काम करत राहिला. पहिल्या यानाने सोसलेली झळ एव्हाना नुसता अंदाज राहिली नव्हती.

मी साधा बी.ए. झालेला माणूस, ही गणिते मला सोडवता येत नाहीत. पण त्या ११ अंशांतली नम्रता मला कळते. आपल्याला सगळे ठाऊक नाही, हे तिथे आकड्यात लिहून, सही करून कबूल केलेले असते. पूल असो, धरण असो की घरखर्च, काटकसरीची कात्री पहिल्यांदा समासावरच चालते, कारण तिथे काही लिहिलेले दिसत नाही. कात्री उचलण्याआधी एवढेच विचारावे: तो समास कोणी, कशाच्या भीतीने सोडला होता?