ग्वाग्वा पकडायची की कडेवर घ्यायची?

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता. "ताई, स्पॅनिशचे रोजचे शब्द पाठ केलेत, पण व्हिडिओत माणसं भलतंच काहीतरी बोलतात. असं का?" तर आज तेच. आणि सुरुवात माझ्या फजितीपासून.

पुण्यात मुलाखत होती. काम काय, तर मेक्सिकोतल्या ग्राहकांशी फोनवर बोलायचं. क्लासमध्ये मी शिकले होते स्पेनची स्पॅनिश. तिथे 'घेणे, पकडणे' म्हणजे कोहेर. बस पकडा, छत्री घ्या, फोन उचला, सगळीकडे कोहेर. मी ऐटीत म्हणाले, "मी लगेच कॉल घेते," आणि अर्थातच कोहेर वापरलं. स्क्रीनवरच्या मेक्सिकन बाई एकदम गप्प! मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात या शब्दाचा रोजचा अर्थ शरीरसंबंध, तोही शिवराळ भाषेतला. तिथे 'घेणे'साठी तोमार म्हणतात आणि फोन उचलायला कोन्तेस्तार. व्याकरणाची एक चूक नव्हती हो माझी! पण नोकरी काही मिळाली नाही.

आता बसचंच बघा. स्पेनमध्ये आउतोबुस. मेक्सिकोत कामिओन, जो शब्द स्पेनमध्ये ट्रकसाठी आहे. अर्जेंटिनात कोलेक्तीवो, आणि मित्रांमध्ये नुसतं बोंदी. क्युबा, पोर्तो रिको आणि कॅनरी बेटांवर मात्र ग्वाग्वा. हा ग्वाग्वा चिलीत किंवा इक्वेडोरमध्ये म्हणालात तर समोरचा बाळ शोधायला लागेल, कारण तिकडे ग्वाग्वा म्हणजे तान्हं मूल. तो शब्द आला क्वेचुआ या अँडीज पर्वतातल्या भाषेतून. "मी रोज ग्वाग्वात बसून कामाला जातो" हे वाक्य चिलीच्या माणसाला कसं ऐकू येत असेल, विचार करा!

म्हणजे गोंधळ उगाच झालेला नाही. स्पॅनिश लोक जिथे गेले तिथल्या माणसांचे शब्द त्यांनी उचलले. मेक्सिकोत अॅव्होकाडोला आग्वाकाते म्हणतात, तो नाहुआत्ल भाषेतला. पेरू, चिली, अर्जेंटिनात त्याच फळाला पाल्ता म्हणतात, तो क्वेचुआतला. फळ एक, शेजारी वेगळे.

आणि यात आपणही आहोत बरं का. आपला बटाटा पोर्तुगीजांनी आणला, शब्दासकट. पण ब्युनॉस आयर्सच्या भाजीवाल्याकडे बताता मागितलात तर तो रताळी तोलून देईल. बटाटा हवा असेल तर पापा म्हणा. स्पेनमध्ये पताता. उलट अननस हवा असेल तर अर्जेंटिनात आपला शब्द चालून जातो, तिथे अनानाच म्हणतात. मेक्सिकोत आणि स्पेनमध्ये पिन्या. चावीसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आली, आणि तिची स्पॅनिश बहीण मेक्सिकोत यावे, ब्युनॉस आयर्समध्ये शावे. लिहायला अगदी सारखी, फक्त उच्चार वेगळा.

मग शिकायचं कुठलं? माझं मत स्पष्ट आहे: एक देश पकडा. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांचा. 'लॅटिन अमेरिकन स्पॅनिश' नावाची एकच भाषा कुठल्याच गल्लीत बोलत नाहीत. दुसरं, वहीत शब्दापुढे देशाचं नाव लिहा. नुसतं 'बस' लिहून भागत नाही. फोनवर स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश फुकट आहे. अर्थाआधी देशांची छोटी रूपं छापलेली असतात, तिकडे आपण लक्षच देत नाही. लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांचा वेगळा कोशही 2010 मध्ये निघाला, तोही ऑनलाइन आहे. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी तो एकदा उघडला असता तर... जाऊ द्या.

आता तुमच्यासाठी एक काम. तोर्ता हा शब्द शोधा. मेक्सिकोत तो भरलेला पाव, आपल्या वडापावाचा लांबचा भाऊच म्हणा. अर्जेंटिनात तोच वाढदिवसाचा केक. स्पेनमध्ये त्याचा आणखी एक अर्थ आहे, तो मी सांगणार नाही. फक्त गाल सांभाळा! चला, भेटूया पुढच्या भागात.