चैत्रात गावी या



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि अट एकच घातली आहे, कॉम्प्युटरबद्दल बोलायचं नाही. म्हणून मी वसंत ऋतू निवडलाय. तोही पुस्तकातला नाही, आपला, बारामती-इंदापूरचा. दोनतीन पुस्तकं, दोन सिनेमे आणि काही लहानसहान सुखं, एवढंच सांगणार आहे. शेवटी एक मागणी आहे.

शाळेत असताना वसंत कधी आला नि कधी गेला, ते आपल्याला कळलंच नाही. तो नेमका परीक्षेत यायचा. वर्गाबाहेर कडुनिंब फुलून सुवास सुटलेला असायचा आणि आपण आत बसून वसंतावर निबंध लिहायचो. त्या निबंधात हिरवळ असायची, झुळझुळणारे झरे असायचे. आपल्या भागात चैत्रात झरे कुठले? नंतर नोकऱ्या लागल्या आणि परीक्षेच्या जागी मार्चअखेर आली. वसंत पुन्हा राहिलाच.

वसंत म्हणजे हिरवळ असं धरलं, तर तो आपल्याकडे येतच नाही. निरा डाव्या कालव्याखाली ऊस बारा महिने हिरवा, आणि सुप्याकडचा जिरायती पट्टा मार्चमध्येच पिवळा पडतो. पण नीट पाहिलं तर आपली झाडं कोरड्या दिवसांतच फुलतात. पळस आणि पांगारा पानं गाळतात आणि मग लाल होतात. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथल्या वाळलेल्या गवतात चिंकारा उभा असतो आणि तो हलेपर्यंत दिसत नाही. आपला वसंत असाच आहे. थांबून पाहिलं तरच दिसतो.

हे थांबून पाहणं शिकवणारं एक पुस्तक मराठीत आहे, दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. ते १९५६ साली आलं. बारा महिन्यांवर बारा लेख आणि पहिला चैत्राचा, 'वसंतहृदय चैत्र'. दुर्गाबाई काही रानात राहत नव्हत्या. मुंबईसारख्या शहरात राहून त्यांनी झाडांचे रंग, पक्षी, ढग असे टिपले की वाचल्यावर आपल्याच गल्लीतलं झाड नव्याने दिसायला लागतं. आपल्याला वेळ नाही असं म्हणणाऱ्यांसाठी हे पुस्तक उत्तम. एक लेख एका बैठकीत संपतो.

दुसरं नाव आपल्या गावचंच, मोरोपंत. शाळेत आपल्याला ते मात्रा मोजण्यापुरते भेटले. कऱ्हेकाठी आयुष्य घालवलेला हा कवी १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला गेला, म्हणजे ऐन वसंतात. 'केका' म्हणजे मोराची हाक. 'केकावली'त कवी मोर होऊन देवाच्या कृपेच्या ढगाला हाका मारतो. ही कल्पना कोकणात बसून वाचली तर अलंकार वाटेल. चैत्रात बारामतीच्या रिकाम्या आभाळाखाली वाचली की ती नुसती कल्पना राहत नाही.

आता इंदापूरकडे येते. भीमेवर उजनी धरण झालं आणि भिगवण, कुंभारगावच्या बाजूला पाणी पसरलं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात आणि उन्हाळा चढेपर्यंत राहतात. मार्चमधल्या सकाळी मच्छीमाराच्या होडीतून त्यांचा थवा पाहणं, हे पुण्यामुंबईची माणसं पैसे मोजून करतात. आपण किती जणांनी केलंय? हात वर करायला सांगत नाही.

पण त्या पाण्याखाली गावं आहेत. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर बाहेर येतं. आपण बाहेरचे लोक तिथे फोटो काढतो. ज्यांचं गाव बुडालं ते म्हातारे-म्हाताऱ्या मात्र वेगळंच पाहतात. इथे आपलं घर होतं, इथून नदीवर जायचो, असं बोटाने दाखवतात. अशा एखाद्या आजोबांबरोबर तिथे गेलात, तर त्यांना बोलू द्या. हे सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत.

आता सिनेमे. 'शाळा' बहुतेकांनी पाहिला असेल. मिलिंद बोकीलांची कादंबरी आधी वाचा आणि मग पुन्हा पाहा. वर्ष संपताना वर्ग सुटतो म्हणजे काय होतं, ते आता या वयात जास्त कळतं. दुसरा सिनेमा जपानी आहे, यासुजिरो ओझूचा 'लेट स्प्रिंग', १९४९ सालचा. बायको गेलेला एक प्राध्यापक आणि त्याला सोडून लग्न करायला तयार नसलेली त्याची मुलगी. आपण पुन्हा लग्न करणार असं तो खोटंच सांगतो, म्हणजे ती निर्धास्तपणे जाईल. ती जाते. शेवटी तो रिकाम्या घरात एकटा बसून सफरचंद सोलतो. बाकी काही घडत नाही. आपण सगळे कुठून कुठून इथे आलो आहोत आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी असं सफरचंद रोज सोललं जातं. वेगळं काही सांगायला नको.

राहिली लहान सुखं. पाडव्याला गुळाबरोबर खाल्लेली कडुनिंबाची कोवळी पानं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ, पन्हं आणि ओटीतले भिजवलेले हरभरे. द्राक्षाच्या शेवटच्या तोड्यातले, सालीवर जरा पिवळे पडलेले गोड मणी. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. नव्या माठातल्या पहिल्या पाण्याचा मातीचा वास. यातलं काहीही ऑनलाइन मागवता येतं, पण ते ज्यांच्या हातचं खायचं, ती माणसं मागवता येत नाहीत.

म्हणून माझी मागणी अशी. आपण गावी येतो ते दिवाळीला, लग्नाला, नाहीतर कुणी आजारी पडलं की. यापुढे वर्षातून एक शनिवार-रविवार चैत्रात या. कारण काही नको. आणि आपल्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची जी चित्रं येतात, त्याऐवजी महिन्याला 'ऋतुचक्र'मधला एक लेख सगळ्यांनी वाचायचा. येत्या पाडव्याला पहिला. जमलं तर तो घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, लांब असाल तर फोनवरून. बारा महिन्यांत पुस्तक संपेल आणि बारा वेळा निवांत बोलणं होईल.

सर, बाई, मोठ्याने वाचायला तुम्हीच शिकवलंत. पुढच्या चैत्रात तुमच्याही दारात येऊ. आंबेडाळ आम्ही आणू, चुका तुम्ही काढा.