जानेवारीअखेरचे गिरणगाव

दिनविशेषाच्या सदरात जानेवारीचा उत्तरार्ध प्रजासत्ताक दिन आणि महात्मा गांधींची हत्या या दोन नोंदींनीच बहुतेक भरतो. याच दिवसांत भायखळ्यापासून परळ-लालबागपर्यंतच्या दोन-तीन मैलांत घडलेल्या काही गोष्टी त्या सदरात आल्याच, तर एका ओळीत उरकल्या जातात. त्यांचा आरंभ कोणत्या तारखेला झाला हे नेमके सांगता येते. शेवट मात्र तसा एका तारखेवर दाखवता येत नाही. या भागात शिकणाऱ्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच या घटनांच्या जागा आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवीत प्लेगचा रोगी ओळखला आणि थोड्याच दिवसांत मुंबई रिकामी होऊ लागली. कॉलऱ्याच्या लशीमुळे नाव झालेले वाल्देमार हाफकिन यांना कोलकात्याहून बोलावून घेण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली ती जेमतेम जागा, आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्या थेंबांखाली झुंबरासारखे लोंबत वाढतात, हे त्यांनी हेरले. असे वाढवलेले जंतू उष्णतेने मारून त्यांची लस केली. स्वयंपाकघरातले तूप प्रयोगशाळेत एवढ्या कामाला आल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी स्वतःलाच लस टोचून घेतली. मात्रा पुढे रूढ झालेल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती. ताप आला, अंग ठणकले, तरी काम थांबले नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली गेली, बाकीच्यांना नाही. दोन्ही गटांचे अन्न, पाणी आणि कोठड्या एकच होत्या. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू ठळकपणे जास्त दिसले. कैद्याच्या 'स्वखुशी'ला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न आजचा वैद्यकीय विद्यार्थी विचारील आणि तो विचारायलाच हवा. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेगची प्रयोगशाळा आली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि दोष हाफकिनवर आला. एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते. ते प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात बाटली उघडताना शिरले असावेत, असे दाखवून देत रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली, तरी ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

परळमधल्याच पोयबावडीच्या हरारवाला बिल्डिंगमधून ३१ जानेवारी १९२० रोजी, शनिवारी, 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते आणि परळच्याच बीआयटी चाळीत दोन खोल्यांत कुटुंबासह राहत होते. कोलंबिया विद्यापीठाची पदवी गाठीशी असलेला प्राध्यापक गिरणी कामगारांच्या शेजारी चाळीत राहतो, हे त्या काळच्या मुंबईतही नवलाचे होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव छापता येईना. ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे छापले गेले. अग्रलेख बाबासाहेबांचेच असत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. पत्र निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, आणि बहिष्कृतांच्या बाजूने बोलायला स्वतंत्र पत्र हवे असे पहिल्या अग्रलेखात म्हटले होते, त्या पत्राची गरज या नकारानेच आयती सिद्ध झाली. त्याच वर्षी बाबासाहेब राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. मागे पत्र ज्ञानदेव घोलप यांनी चालवले. पैशाची ओढाताण आणि कार्यकर्त्यांतले मतभेद यांमुळे ते १९२३ मध्ये बंद पडले. 'बहिष्कृत भारत' निघाले १९२७ मध्ये, तेही मुंबईतूनच.

२२ जानेवारी १९२६ रोजी परळच्याच केईएम रुग्णालयाचे उद्घाटन झाले. शेजारच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाला देणगी मिळाली ती एका अटीवर: शिकवणारे सगळे भारतीय असावेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत वरच्या जागा तेव्हा युरोपीय डॉक्टरांना राखलेल्या असत. डॉ. जीवराज मेहता हे पहिले अधिष्ठाता. पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. मुंबई कोणाची, या वादाने नंतर जो टोकाचा रंग धरला तो पाहता हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

तो वाद १६ जानेवारी १९५६च्या संध्याकाळी रस्त्यावर आला. पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले आणि रातोरात गिरगाव, ठाकुरद्वार, परळ, लालबाग पेटले. मुंबई राज्यातल्या मोरारजी देसाईंच्या सरकारने बंदुकीचा मार्ग धरला. आठवडाभर गोळीबार चालला आणि त्यात अनेकांचा बळी गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या १०५ हुतात्म्यांची जी यादी सांगितली जाते, तिच्यातली बरीच नावे याच दिवसांतली आहेत. मागच्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला पडलेले त्यांच्या आधीचे. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी मात्र मान्य झाली नाही. मे १९६० मध्ये मुंबईसह महाराष्ट्र झाला.

शेवटची घटना १८ जानेवारी १९८२ची. त्या दिवशी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. वाद पगार आणि बदली कामगारांचा होता, तसाच तो १९४६च्या कायद्याचाही होता. या कायद्यानुसार मान्यता एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती, त्यामुळे कामगारांनी निवडलेल्या नेत्याशी मालकांनी बोलायचेच नाही म्हटले तरी ते कायद्यात बसत होते. महिने लोटले तशी माणसे कोकणात आणि घाटावर गावी परतू लागली. खानावळी ओस पडल्या, भोंगे एकेक करून बंद झाले. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. तो विरत गेला. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. कामगारांना घरे देण्याची योजना बरीच उशिरा आली. तिच्यासाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेले कामगार पात्र धरले जातात. म्हाडाच्या सोडती त्याच निकषावर निघत आल्या आहेत आणि अर्ज करणाऱ्यांत आता बहुतेक वारसच आहेत.