रूळ होते, गाडी थांबत नव्हती

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात विमानतळाच्या रेल्वे स्टेशनाची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. आपल्यातल्या बहुतेकांनी विमान पाहिले ते निंदण करताना, मान वर करून. पण विमान उडते आकाशात आणि उतरते शेतकऱ्याच्या जमिनीवर. म्हणून ही गोष्ट आपली आहे.

बेंगळुरूचा नवा विमानतळ शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवर, देवनहळ्ळीला, मे २००८ मध्ये सुरू झाला. मुलूख आपल्यासारखाच, आभाळाकडे डोळे लावून बसणारा. पावसावर नाचणी, आणि बोअरला पाणी असेल तिथे द्राक्षे, भाजीपाला, रेशमासाठी तुती. यलहंका ते चिक्कबळ्ळापूर हा रेल्वेमार्ग विमानतळाच्या आधीपासून तिथून जातो. गाडी विमानतळाजवळून जायची, पण थांबायची नाही. थांबू लागली जानेवारी २०२१ मध्ये, एक छोटे हॉल्ट स्टेशन झाले तेव्हा. खर्च आला साधारण ३ कोटी रुपये, तोही विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने केला. शहरातून तिकीट दहा-पंधरा रुपये, आणि टॅक्सीला शेकड्यांनी मोजावे लागतात. ज्याला रोज झाडू मारायला, सामान उचलायला विमानतळावर जायचे आहे, त्याच्या पगाराच्या मानाने हा फरक केवढा, तुम्हीच हिशेब करा.

रूळ होते, गाडी होती, गरज होती. नव्हता तो एक फलाट. एवढ्या फलाटाला १२ वर्षे लागली.

बरे, फलाट झाला म्हणून काम संपले का? नाही. स्टेशनापासून विमानतळाची इमारत चारेक किलोमीटर दूर. मध्ये बस लागते. विमाने रात्रंदिवस येतात-जातात, गाड्या मात्र दिवसाला मोजक्या. ज्याचे विमान गाडीच्या वेळेशी जुळत नाही, त्याला त्या फलाटाचा उपयोग शून्य. मग सुरुवातीला प्रवासी थोडेच आले यात नवल ते काय! आणि प्रवासी थोडे म्हणून गाड्या वाढवायच्या नाहीत, हे ओघाने आलेच.

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात येतो. खरेदी केंद्राचे कुलूप उघडते उशिरा. तोवर देणेकऱ्याच्या तगाद्याने निम्मा कापूस खेडा खरेदीत गेलेला असतो. आणि केंद्रावरचा साहेब म्हणतो, आवकच नाही! सोय ही इमारतीत नसते, ती वेळेत असते. पिकाला पाणी कोणत्या अवस्थेत दिले यावर उतारा ठरतो, वर्षात एकूण किती दिले यावर नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. तो मोठा आहे.

ज्या २०२१ साली ते स्टेशन उघडले, त्याच साली देवनहळ्ळी तालुक्यातल्या चन्नरायपट्टण भागातल्या १३ गावांच्या १,७७७ एकर जमिनीवर संपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली. विमानाच्या सुट्या भागांचे कारखाने आणायचे म्हणून. ५ एकरांचा एक खातेदार धरला तर साडेतीनशे घरांची ही जमीन. स्टेशन काही कुणाची जमीन घ्यायला आले नव्हते. पण विमानतळ, रस्ता, रेल्वे जवळ आले की शेताकडे पाहणाऱ्याची नजर बदलते. काल जो माळ होता, तो आज प्लॉट होतो.

त्या गावांनी ४ एप्रिल २०२२ रोजी धरणे धरले. पेरणी आली, सुगी आली, धरणे सुरूच. जून २०२५ मध्ये सरकारने ४९५ एकर सोडतो म्हटले. गावांनी सांगितले, सगळी सोडा. त्याच महिन्यात मोर्चा निघाला, पोलिसांनी धरपकड केली. आणि १५ जुलै २०२५ रोजी, १,१९८ व्या दिवशी, कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी संपादन मागे घेतल्याचे जाहीर केले. ज्यांना स्वखुशीने जमीन द्यायची असेल त्यांना मार्ग मोकळा ठेवला. तसे काही शेतकरी होतेही. त्यांना नावे ठेवू नका. विकणे हा मालकाचा हक्क आहे. आपला विरोध विक्रीला नाही, हिसकावण्याला आहे.

आपल्याकडे पुरंदरच्या सात गावांपुढे विमानतळासाठी हाच प्रश्न उभा राहिला. उद्या तो तुमच्या शिवारात येईल. म्हणून कायद्याची एक गोष्ट गाठीला बांधा. महाराष्ट्रात औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घेतात ती १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली. त्यातल्या कलम ३२(२) ची नोटीस आली म्हणजे हरकतीचे दार उघडे आहे. ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात छापली की जमीन सरकारची झाली. नोटीस कळत नाही म्हणून फळीवर टाकून देऊ नका. तारीख पाहा, मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या.

आणि कुणी विकासाचा नकाशा घेऊन आला तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. एक, जे रूळ, जे रस्ते आधीच आहेत त्यांवर काय भागते? दोन, आमच्या माणसाला आणि मालाला ती गाडी कोणत्या वेळेला मिळणार? तीन, जमीन नेमकी किती लागते, आणि जास्तीची कोणासाठी?

तीन कोटींच्या फलाटाला १२ वर्षे लावणारी व्यवस्था १,७७७ एकरांचा कागद मात्र झटपट काढते. तिची घाई कुठे आहे आणि सुस्ती कुठे, एवढे ओळखायला शिकलो तरी आजचा मेळावा सार्थकी लागला.