आधी लाइन ऐका



आज कवितेची सुटी. आज बोलायचं आहे टेलिफोनच्या तारेबद्दल. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत माझी उभी हयात गेली. इथं घराघरांतून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते पाठ झालंय. "फोन छान चालतो हो, पण नेट काही टिकत नाही." ब्रॉडबँड मागवताना आपण भाडं विचारतो, वेग विचारतो, मोडेम फुकट मिळतो का तेही विचारतो. पण हे सगळं ज्या तारेवरून घरात यायचं, तिची चौकशी कोणी करत नाही.

२००४ साली केंद्र सरकारनं ब्रॉडबँडचं धोरण जाहीर केलं. सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी तेव्हाची व्याख्या होती. आज ऐकून हसू येतं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची 'डेटावन' सेवा सुरू झाली. तिच्यासाठी घरोघर नवी तार टाकली गेली नाही. एक्स्चेंजपासून पिलरपर्यंत, पिलरपासून खांबावरच्या डीपीपर्यंत आणि तिथून आपल्या ओसरीपर्यंत आलेली तांब्याची जुनी जोडी होती, तिच्यावरच इंटरनेट चढवलं गेलं.

एका जोडीवर दोन कामं कशी होतात? आपलं बोलणं सेकंदाला साधारण ४ हजार कंपनांच्या आत मावतं. इंटरनेट त्याच तारेवर बरंच वरच्या पट्टीत चालतं, सुमारे २५ हजारांपासून ११ लाख कंपनांपर्यंत आणि नंतरच्या यंत्रांत त्याच्याही वर. घरात स्प्लिटर नावाची जी छोटी डबी लावतात, ती या दोन पट्ट्या वेगळ्या करते. खालची पट्टी फोनला, वरची मोडेमला. आता तारेच्या जोडात पाणी मुरलं, तांबं हिरवं पडलं, तर आधी मार खाते ती वरची पट्टी. बोलणं जाड असतं, ते रेटून पलीकडे जातं. म्हणून फोन चालतो, याचा अर्थ लाइन चांगली आहे असा होत नाही.

आणि आपल्याकडे पाणी मुरायला काय कमी आहे! जूनमध्ये भीमाशंकरच्या आणि बोरघाटाच्या बाजूनं पाऊस उतरतो तो सप्टेंबरपर्यंत ओल हटू देत नाही. दुसरी अडचण अंतराची. ही सेवा एक्स्चेंजपासून तारेच्या मापानं चार-पाच किलोमीटरपर्यंतच धड पोचते, आणि जितकं लांब जाल तितका वेग घसरतो. कशेळे, खांडस किंवा वावोशीच्या बाजूच्या वाड्या-पाड्यांकडे पाहा. कावळा सरळ उडतो, तार रस्त्यानं वळणं घेत जाते. समोरच्या टेकडीवरून एक्स्चेंजचा मनोरा दिसतो, म्हणून आपण जवळ आहोत, असं धरून चालू नये. अर्ज करण्याआधीच विचारावं: डीपीत मोकळी जोडी आहे का, आणि तारेनं अंतर किती?

लाइनची परीक्षा घरच्या घरी होते आणि तिला पैसा लागत नाही. मोडेम, एक्स्टेन्शन, फॅक्स, जे काही जोडलं असेल ते सगळं काढा. खांबावरून आलेली तार भिंतीवरच्या ज्या पहिल्या डबीत शिरते, तिला रोझेट म्हणतात. तिथं एकच साधा, तारेचा फोन थेट लावा. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल. आता ऐका. शांतता असली पाहिजे. खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्या कोणाचं बोलणं पुसटसं ऐकू आलं, तर दोष बाहेरच्या तारेत आहे. मग मोडेम बदलून उपयोग नाही. तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच म्हणू नका; "रोझेटवर थेट फोन लावला तरी खरखर आहे, पाऊस पडला की वाढते" असं सांगा. ऐकणाऱ्याला नेमका माणूस पाठवता येतो. तक्रारीचा क्रमांक मात्र लिहून घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी तो देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाण्याची वाटही ठेवली.

उलट रोझेटवर शांतता असेल, तर चोर घरात आहे. माझी एक खाला चौकच्या बाजूला राहते. २०२० च्या टाळेबंदीत तिच्या नातवाची शाळा मोडेमवर आली. फोनची घंटी वाजली की वर्ग बंद! हजेरीला हा मुलगा कधी आहे, कधी नाही. शेवटी गावातल्याच एका निवृत्त लाइनमनला बोलावलं. त्यानं मोडेमला हातही लावला नाही.

"चाची, घंटी वाजली की नेट जातं ना? मग आतला जोड दाखवा."

"आतला कुठला रे बाबा? तार तर ही एवढीच."

ती एवढीच नव्हती. मागच्या खोलीत जुनं एक्स्टेन्शन होतं. कौलांखालून गेलेली तार मध्ये हातानं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि हा फाटा स्प्लिटरच्या अलीकडूनच निघालेला. घंटीसाठी तारेवर मोठा विद्युतदाब येतो, तेव्हा असा कच्चा जोड आणि गाळणीशिवायचा फोन मोडेमची घडी मोडतात. त्यानं फाटा कापला, रोझेटमधल्या तारा खरवडून घट्ट बसवल्या. काम वीस मिनिटांचं. मुलगा पुढं वर्षभर हजर.

असे कान असलेले हात आता कमी झाले आहेत. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे देशभरातले सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीनं बाहेर पडले. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. कुठल्या पिलरमधली कुठली जोडी ओली आहे, हे ज्यांना तोंडपाठ होतं अशी कितीतरी माणसं त्यांत असतील. कागदावर ते कधी उतरलंच नव्हतं.

आता सगळीकडे फायबर येतंय, आणि ते यावंच. काच गंजत नाही, वीज कडाडली तर ती काचेतून आत शिरत नाही. तारेला तिडा पडला किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं ती तोडली, की डबीवर 'एलओएस'चा लाल दिवा लागतो. तो दिसला तर डबी चालू-बंद करत बसू नका, तक्रार करा. पण एक गोष्ट कनेक्शन देणारा पोरगा आपण होऊन सांगेलच असं नाही. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळत होती, तिथल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून. घरातले दिवे गेले तरी तो साधा फोन बोलत असे. फायबरचा फोन घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की तोही गप्प.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा जिल्ह्यात विजेचे खांब किती पडले ते आपण पाहिलंय. मुलं मुंबई-पुण्याला, घरात म्हातारी माणसं, मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात. अशा घरी फायबर घेताना डबीसाठी छोटा यूपीएस त्याच दिवशी लावून घ्या. डबीला वीज फार थोडी लागते. जुना नंबर तोच राहणार का, हे लेखी विचारा. आणि नवा माणूस शिडी लावून तांब्याची तार कापायला निघाला, तर त्याला चहा द्या आणि घरचा मेन स्विच बंद करून त्याच्यादेखत नव्या फोनवरून एक कॉल लावून बघा. लागला, तर मग कापू द्या.