दारचा हत्ती

वाहन ही जितकी सोयीची वस्तू आहे तितकीच ती प्रतिष्ठेचीही आहे. पूर्वी एखाद्या घराण्याच्या ऐश्वर्याचे वर्णन करताना ‘दारी हत्ती झुलतो’ असे म्हणत. हत्तीवर बसून कोणी रोज बाजारहाट करीत नसे. पण तो दारी असला म्हणजे घराची उंची दोन हातांनी वाढल्यासारखी वाटे. आज हत्तीची जागा मोटारीने घेतली आहे आणि एक नवाच चमत्कार घडून आला आहे. एके काळी ज्याच्याकडे मान वर करून पाहावे लागे, तो हत्ती आता बैलाच्या किमतीत मिळू लागला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी जी आलिशान मोटार उद्योगपतींनाच परवडे, ती आज नव्या लहान मोटारीच्या किमतीत एखाद्या नोकरदाराच्या अंगणात येऊन उभी राहू शकते. प्रश्न इतकाच, की तेथे आल्यावर ती रोजच्या कामास उपयोगी पडेल काय?

असा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या गावाच्या आधाराने केलेला बरा. तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमच्या उत्तरेस, अणैक्करैच्या वाटेवर चोळपुरम् नावाचे गाव आहे. एका बाजूस कावेरी, दुसऱ्या बाजूस कोळ्ळिडम्, आणि मध्ये भाताची खाचरे. मराठी श्रोत्यांना हा मुलूख अगदीच परका नाही. भोसल्यांचे तंजावर येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे. आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. त्या काळापासून या भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही घरात आपली जुन्या वळणाची मराठी बोलतात.

समजा, अशाच एका कुटुंबातील चाळिशीचा गृहस्थ चोळपुरम् येथे राहतो. नोकरी कुंभकोणमला. घरी वृद्ध वडील. त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली, म्हणून आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी तंजावरला न्यावे लागते. गाठीला सहा लाख रुपये आहेत. त्यांत एक नवी लहान मोटार येते; किंवा बारा वर्षे वापरलेली, पण नवी असताना साठ लाखांची असलेली जर्मन मोटार येते. दुसरीचे आसन मऊ, आतला आवाज बंद दिवाणखान्यासारखा शांत. उपचारानंतर थकलेल्या म्हाताऱ्याला पन्नास किलोमीटर आडवे पडून येता येईल अशी ऐसपैस. म्हणजे मोह केवळ मिरविण्याचा नाही, त्यात पुत्रधर्माचाही अंश आहे. म्हणूनच हा निर्णय अवघड आहे.

साठ लाखांची वस्तू सहा लाखांवर का येते? पहिला मालक मोटारीबरोबर नवेपणा आणि कारखान्याची हमी विकत घेतो. हमी संपली की अशा मोटारींचे बरेचसे श्रीमंत मालक नवे रूप शोधू लागतात. आणि ज्याला जुनी मोटार घ्यावयाची असते, तो तिच्या दुरुस्तीच्या खर्चाला भिऊन मागे सरतो. विकणारे पुष्कळ, घेणारे थोडे, म्हणून भाव कोसळतो. याचा अर्थ असा, की उतरलेली किंमत ही कोणाची उदारता नसते. पुढे येणाऱ्या खर्चाची ती आगाऊ दिलेली सूचना असते.

येथेच पुष्कळांची गफलत होते. मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. बाजार तिला सहा लाखांची समजतो. सुटे भाग विकणारा मात्र तिला अजून साठ लाखांचीच समजतो. तिचा दिवा, तिचा ब्रेक, तिचे गियरपेटीचे तेल, सारे मूळच्या इतमामाने येते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण जणू याच व्यवहारासाठी जन्मली असावी.

या मोटारींचा मराठी मुलखाशी जवळचा संबंध आहे. १९९५ साली मर्सिडीज-बेंझची ‘ई-क्लास’ मोटार भारतात प्रथम जोडली जाऊ लागली ती पुण्यात, टेल्कोच्या कारखान्यात. पुढे २००९ साली चाकणला त्या कंपनीचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. बीएमडब्ल्यूने २००७ साली चेन्नईजवळ जोडणी आरंभिली, आणि त्याच सुमारास ऑडीची जोडणी तेव्हाच्या औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे होऊ लागली. पुण्यात जोडल्या गेलेल्या त्या पहिल्या पिढीची यंत्ररचना बरीचशी साधी होती. जर्मनीत तीच मोटार टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर धावली. तरी तीही निर्दोष नव्हती: त्या वर्षांतल्या काही इंजिनांच्या तारांवरील वेष्टन उष्णतेने ठिसूळ होऊन झडून जाई. त्यानंतरच्या पिढ्यांत स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या आल्या, जागोजाग संगणकाचे मेंदू बसले आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या प्लॅस्टिकच्या झाल्या. रबर आणि प्लॅस्टिक यांना मोटार किती किलोमीटर चालली याची फारशी पर्वा नसते. ती वयाने आणि उन्हाने जीर्ण होतात. कावेरीच्या काठचे दमट ऊन त्यांना काही वेगळी सवलत देत नाही.

शिवाय रस्त्यांचाही विचार हवा. सुगीच्या दिवसांत या भागात डांबरी रस्त्यावरच भात वाळत घालतात. अशा वाटेवर बुटक्या पोटाची मोटार जपून न्यावी लागते. गावागावांतले गतिरोधक तर तिचे जन्मवैरीच. पेट्रोलमध्येही आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या व सांधे अशा मिश्रणासाठी घडविलेले नव्हते.

पाण्याची गोष्ट तर अधिकच सावधगिरीची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली. अशा प्रलयांत अनेक मोटारी पाण्याखाली जातात आणि पुसून, धुऊन, अत्तर शिंपडून पुन्हा बाजारात उभ्या राहतात. घेणाऱ्याने आधी पायाखालची चटई उचलून गाळ पाहावा, आसनांच्या रुळांवरचा गंज पाहावा, दिव्यांच्या काचांत दव धरले आहे काय ते पाहावे. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा गंजाची साक्ष अधिक खरी असते.

कायद्याची बाजूही थोडी समजून घेतली पाहिजे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल मोटारी बंद करण्याचा आदेश दिला, आणि तेव्हापासून तेथील जुन्या आलिशान मोटारी स्वस्तात इतर राज्यांची वाट धरू लागल्या. अशी मोटार घेताना मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि बारा महिन्यांपलीकडे ती नव्या राज्यात ठेवावयाची तर तेथे नोंदणी करून कर भरावा लागतो. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. परदेशातून आयात केलेल्या मोटारीस ते ४०,००० रुपये ठरले. विम्याचेही एक गणित आहे. दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या विमा-मूल्याच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक झाला, की ती पूर्ण नष्ट झाली असे धरतात. ज्या मोटारीचे मूल्य घटले आणि सुटे भाग महागच राहिले, ती मोटार एका मध्यम अपघातातही कागदोपत्री नष्ट होऊ शकते.

आता त्या गृहस्थाचा हिशेब मांडू. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण ज्या कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराजवळच्या रस्त्यावर गेले, तेथून हे गाव फार दूर नाही. पण या हिशेबाला रामानुजनची प्रतिभा नको, शाळकरी बेरीज-वजाबाकी पुरे. समजा, जुन्या मोटारीस दर वर्षी दीड लाख रुपये दुरुस्तीला लागले आणि पाच वर्षांनी ती दोन लाखांना विकली. सहा अधिक साडेसात, वजा दोन: एकूण साडेअकरा लाख, म्हणजे वर्षाला दोन लाख तीस हजार. नव्या लहान मोटारीस वर्षाला वीस हजार लागले आणि ती तीन लाखांना विकली, तर खर्च चार लाख, म्हणजे वर्षाला ऐंशी हजार. दोहोंत वर्षाचे दीड लाखाचे अंतर पडते. महिन्याचे साडेबारा हजार. इंधन यात धरलेलेच नाही. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आकडे बदलतील, पण हिशेबाची पद्धत बदलणार नाही.

आणि पैशाच्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट उरतेच. मंगळवारी पहाटे उठावे, वडिलांना आधार देऊन अंगणात आणावे, आणि मोटारीची हवेची पिशवी रात्रीतून फुटून ती जमिनीला टेकलेली दिसावी! कुंभकोणमच्या कारागिराकडे तो भाग नसतो. तो चेन्नईहून यावयाचा. डायलिसिस मात्र भाग येईपर्यंत थांबत नाही. रोजच्या वाहनाचा पहिला गुण आराम नव्हे, तर निघावयाच्या वेळी निघणे हा आहे.

म्हणून जुनी आलिशान मोटार घेऊच नये काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरी दुसरे भरवशाचे वाहन आहे, ज्याच्या जवळपास त्या जातीच्या मोटारी जाणणारा कारागीर आहे, पहिल्यापासूनच्या दुरुस्तीच्या नोंदी ज्याने पाहिल्या आहेत, आणि मोटारीच्या किमतीच्या निदान एक-तृतीयांश रक्कम ज्याने पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवली आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. त्याला थोड्या पैशांत उत्तम कारागिरीचा सहवास लाभेल. पण ज्याची सारी पुंजी खरेदीतच संपते, त्याने त्या मोहापासून दूर राहावे. चोळपुरम्‌च्या त्या गृहस्थाने नवी लहान मोटार घ्यावी, आणि वाचलेल्या साडेबारा हजारांतून वडिलांसाठी मागच्या आसनावर एक जाड गादी, एक उत्तम उशी आणि लागेल तेव्हा अनुभवी चालक यांची सोय करावी. पुत्रधर्म तेवढ्यात पुरा होतो.

पालकाप्य मुनींच्या नावावर चालत आलेल्या गजविद्येत हत्तीचे रोग आणि त्यांवरील उपचार यांना फार मोठे स्थान आहे. त्या जुन्या जाणकारांना हे ठाऊक होते, की हत्ती मिळविणे ही एका दिवसाची गोष्ट असते आणि हत्ती पोसणे ही जन्माची. माधवरावांनीही त्रावणकोरचे कर्ज फेडले ते उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ घालून. संस्थानाला जो नियम लागू पडला, तो चोळपुरम्‌च्या अंगणालाही लागू आहे: आधी चाऱ्याची सोय, मग हत्ती.