पावसाळा आणि खिशांतला मोबाईल

आजचा माझा विषय वरकरणीं क्षुल्लक वाटेल. पावसाळा जवळ आला कीं घरोघरीं छत्र्या बाहेर निघतात, पापडांचे डबे घट्ट लावले जातात, कपड्यांच्या कपाटांत डांबराच्या गोळ्या पडतात. परंतु जी वस्तु अष्टौप्रहर आपल्या खिशांत असते, त्या मोबाईलची तरतूद मात्र सहसा कोणी करीत नाहीं. मी कांहीं यंत्रविद्येंतील जाणता नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. माझा अधिकार एवढाच कीं, या बाबतींत मीं स्वतः ठेच खाल्ली आहे.

तीन वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका सायंकाळीं बसमधून उतरतांना वाऱ्यानें माझी छत्री उलटी झाली, आणि ती सांवरण्याच्या धांदलींत सदऱ्याच्या खिशांतला मोबाईल रस्त्यावर सांचलेल्या पाण्यांत पडला. मीं तो तत्काळ उचलला. पडदा उजळलेलाच होता. घरीं येऊन पाहतों तों विझलेला! मग मीं दहा वेळां बटण दाबलें, आणि शेवटीं धीर सुटून तो चार्जरला लावला. “आजोबा, थोडें थांबा ना!” असें नातू कळवळून सांगत होता, पण मास्तर कोणाचें ऐकतो? तो मोबाईल पुन्हां उजळला नाहीं.

माझी चूक कोठें झाली? निव्वळ शुद्ध पाणी हें विजेचें फारसें चांगलें वाहक नव्हे. वर्गांत मी मुलांना हें दाखवीत असें. ऊर्ध्वपातित पाण्यांत विजेच्या घटांना जोडलेल्या दोन तारा बुडविल्या, तर त्यांस लावलेला बारीक दिवा लागत नसे. त्याच पाण्यांत मीठ टाकतांच तो लागे. रस्त्यावरचें पाणी, चहा, घाम, समुद्राचें पाणी, या सर्वांत क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्याचा थेंब यंत्राच्या पोटांत असतांना वीज चालू राहिली, कीं ती भलत्या वाटेनें वाहूं लागते, आणि आंतील तांब्याच्या बारीक वाटांवर विद्युद्विघटनाची क्रिया होऊन धातु झिजतो. म्हणजे घात करतें तें एकटें पाणी नव्हे. पाणी आणि वीज यांचा संगम. तो संगम मीं आपल्या हातानें घडवून आणला होता.

म्हणून पहिला नियम असा कीं, मोबाईल भिजला तर तो ताबडतोब बंद करावा. आपोआप बंद पडला असेल, तर ‘चालतो का पाहूं’ हा मोह आवरावा. वरचें आवरण काढावें, सिमकार्डाचा खण उघडावा, मऊ व कोरड्या फडक्यानें पाणी टिपावें. चार्जर लावण्याचें भोंक खालच्या बाजूस करून मोबाईल तळहातावर हळूच आपटावा आणि पंख्याच्या वाऱ्यांत निदान एक दिवस ठेवावा. केस वाळविण्याच्या यंत्राची किंवा शेगडीची धग देऊं नये, कारण उष्णतेनें बॅटरीस अपाय होतो. पाणी खारें असेल, तर तें वाळल्यावरही क्षार आंत राहतात. अशा वेळीं तो दुरुस्तीच्या दुकानांत उघडून स्वच्छ करून घ्यावा.

तांदुळांच्या डब्यांत मोबाईल पुरून ठेवण्याचा उपाय आपल्याकडे लोकप्रिय आहे. परंतु त्यानें आंतलें पाणी ओढून निघत नाहीं. उलट तांदुळाचे कण भोंकांत शिरतात. अ‍ॅपल कंपनीनेंही आपल्या ग्राहकांना तसें न करण्याचा इशारा दिला आहे.

कित्येक म्हणतील, “आमच्या मोबाईलवर आय.पी. ६७ असें लिहिलें आहे.” त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. त्यांतील ६ हा आंकडा धुळीचा आणि ७ हा पाण्याचा. १ मीटर खोल पाण्यांत ३० मिनिटें ठेवून ही परीक्षा होते. पण तें पाणी गोडें व स्थिर असतें, आणि मोबाईल नवा असतो. वापरानें व पडझडीनें त्याची बंदिस्ती सैल होते. तेव्हां त्या आंकड्यांवर विसंबण्यापेक्षां घट्ट तोंडाची प्लास्टिकची एक पिशवी खिशांत ठेवणें शहाणपणाचें.

आतां शेवटची गोष्ट. दुसरा मोबाईल मीं घेतला; पण पहिल्यांत माझ्या दिवंगत पत्नीचा आवाज होता. नागपूरच्या आमच्या मुलीसाठीं तिनें गोड्या मसाल्याचें प्रमाण सांगून ठेवलें होतें. धणे किती, खोबरें किती, दगडफूल केव्हां भाजावें, आणि मध्येंच मला उद्देशून, “अहो, तेवढा गॅस बारीक करा.” मुलीकडे तें पाठवावयाचें आज-उद्यां करतां राहून गेलें. दुकानदारानें पुष्कळ खटपट केली, पण व्यर्थ.

यास्तव, श्रोतेहो, दुसरा नियम पहिल्याहून मोठा समजावा. जें पुन्हां मिळणार नाहीं, त्याची एक प्रत दुसऱ्या जागीं ठेवावी, आणि तें काम उद्यांवर टाकूं नये. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील मुलांना हांक मारा. तीं हें काम घटकाभरांत करून देतील. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.